प्लायवूडच्या अलीकडे

भस्म बुधवारी कपाळावर बोटभर राख घेऊन
माझगावच्या खोलीत परतले
आणि ठरवलं, यंदा चहातली साखर सोडायची.
आई असती तर हसली असती.
मार्था, म्हणाली असती,
साखर तुझी डॉक्टरनं सोडवली,
देवाच्या नावावर कशाला घालतेस?

आई गेल्यावर खोलीचे दोन भाग झाले.
सुतारानं अर्ध्या दिवसात प्लायवूड ठोकलं.
खिडकी शमुवेलकडे गेली, मोरी माझ्याकडे,
आईचं बायबल त्याच्या वाट्याला
आणि तिचा चष्मा माझ्या.
सुतार मापात चुकला :
खाली दोन बोटं फट राहिली.
तिथून त्याच्या ट्यूबलाइटचा उजेड
माझ्या फरशीवर येऊन पडतो,
भाडं न देता.

एक लाख ऐंशी हजार. माझ्या फंडाचे.
त्याच्या अनुपच्या गॅरेजसाठी,
सहा महिन्यांच्या बोलीवर.
हे चौथं वर्ष.
वहीत लिहून ठेवलंय, तारखेसकट.
तीस वर्षं प्रसूतिगृहात कात्र्या मोजल्या,
आत किती गेल्या, बाहेर किती आल्या;
मोजणं माझ्या हाडात आहे, प्रभू,
ते तूच घातलंस.

रात्री दहाला गोदीकडून भोंगा येतो.
गुडघे टेकता येत नाहीत आता,
कॉटच्या कडेवर बसते,
चप्पल काढून, तळवे फरशीला लावून,
आणि म्हणते ती प्रार्थना
जी आईनं आम्हा दोघांना
एकाच गोधडीत शिकवली.
बापाचं नाव येतं. राज्य येतं.
भाकरीपर्यंत अगदी नीट येते.
मग ती ऋणाची ओळ.
लहानपणी मला वाटायचं
ती कोपऱ्यावरच्या वाण्याच्या उधारीबद्दल आहे.
तिथे मी खोकते.
खोकून पुढच्या ओळीवर जाते.
उपासाचे दिवस असेच गेले :
साखर नाही, मटण नाही,
आणि दर रात्री एक खोकला.

झावळ्यांच्या रविवारी तो माझ्या पुढच्या बाकावर होता.
मान बारीक झालीय.
कॉलर उलटून शिवलेली.
मी गीताच्या पुस्तकात बघत राहिले.

शुक्रवारी बारा ते तीन देवळात बसले.
पंखे बंद, वेदीवर काळं कापड,
सातांपैकी पाचवा उद्गार आला तहानेचा
तेव्हा माझीही जीभ टाळूला चिकटली होती,
आणि मला लाज वाटली
की मला माझीच तहान आठवली.

त्या रात्री भोंगा झाला.
मी बसले. म्हणू लागले.
भाकर झाली,
आणि खोकला आलाच नाही.
घसा कोरडा, ओळ तोंडात, पुढे जाईना.
त्या शांततेत पहिल्यांदा ऐकलं :
पलीकडेही कुणी पुटपुटत होतं
आणि भाकरीनंतर थांबलं होतं.
किती रात्री थांबत असेल?
मी खोकत होते, मला कसं कळणार?
देणारीनं काय गिळलं ते मला माहीत होतं.
घेणारा त्या ओळीशी काय करत असेल
हे माझ्या वहीत कुठेच नव्हतं.
बराच वेळ दोन्हीकडे काही नाही.
मग परीक्षेच्या ओळीला
आम्ही दोघं एकदमच सुरू झालो,
हळू, गोधडीतल्यासारखे.

वही मी फाडली नाही.
खोटं कशाला बोलू, आणि तुझ्यापाशी?

आज शनिवार. आज तू कबरेत आहेस,
आज कुणी काही मागू नये.
खाली बेकरीत उद्याची अंडी रंगवतायत,
साखरेचा वास जिन्यापर्यंत आलाय.
दुपारी आईचा चष्मा पुसला पदरानं,
काड्या मिटल्या,
आणि फटीतून आत सरकवला.
बरोब्बर मावला.
त्याला तो नंबर लागतो का, ठाऊक नाही.
पलीकडे खुर्ची सरकली.
मग बराच वेळ काही नाही.
मग पान उलटल्याचा आवाज आला,
किंवा पंख्यानं कॅलेंडर हललं असेल.

मी बसून आहे, चप्पल काढून.
दहा वाजायचेत अजून.